विमानाचं दार बंद होण्याआधी आणि नंतर

एअरलाइनच्या नोकरीत नव्याने आलेले बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात विचारतात: प्रवासी अंगावर आला, किंवा कुणाचा संशय आला, तर हात लावायचा का? याचं उत्तर विमानाच्या दारापाशी बदलतं.

विमानातल्या गुन्ह्यांबद्दलचा १९६३ चा आंतरराष्ट्रीय टोकियो करार कॅप्टनला जे अधिकार देतो, ते प्रवासी चढून बाहेरची सगळी दारं बंद झाल्यापासून लागू होतात आणि उतरण्यासाठी त्यातलं एक दार उघडलं की साधारणपणे संपतात. हा भाग मुख्यतः आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा. देशांतर्गत उड्डाणाला त्या देशाचा कायदा. चेक-इन काउंटर, गेट, एरोब्रिज इथे मात्र कराराचं कवच नाही. तिथे प्रवाशाचा दंड धरून त्याला अडवलंत, तर मारहाणीची किंवा बेकायदा डांबून ठेवल्याची तक्रार थेट तुमच्या नावावर होऊ शकते. गणवेशाबरोबर पोलिसांचे अधिकार मिळत नाहीत.

जमिनीवर तुमच्या हातात एकच गोष्ट असते, 'नाही' म्हणणं. ती वाटते त्यापेक्षा अवघड आहे. २२ जून १९८५ ला व्हँकुव्हरच्या काउंटरवर एका प्रवाशाने पुढच्या विमानात जागा पक्की नसताना बॅग थेट पुढपर्यंत टॅग करण्याचा हट्ट धरला. कर्मचाऱ्याने आधी नकार दिला, पण रांग वाढत होती, प्रवासी वाद घालत होता, शेवटी टॅग लागला. तो प्रवासी विमानात चढलाच नाही. बॅग टोरांटोत एअर इंडियाच्या विमानात गेली, ते मॉन्ट्रियलहून पुढे १८२ क्रमांकाने निघालं आणि दुसऱ्या दिवशी स्फोटात ३२९ माणसं गेली. म्हणून रांग लांबली की घाई न करता सुपरवायझरला बोलवा. वाद तुम्ही एकट्याने जिंकायची गरज नाही.

न चढलेल्या प्रवाशाची बॅग वेगळी ओळख आणि जादा तपासणी झाल्याशिवाय न्यायची नाही, असं शिकागो कराराचं (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा मूळ करार) परिशिष्ट १७ सांगतं. प्रत्यक्षात चूक होते ती कुटुंबाच्या सामानात. चौघांच्या बॅगा एकाच नावावर टाकलेल्या असतात, न आलेल्या माणसाच्या नावापुढे स्क्रीनवर शून्य दिसतं आणि गेटवरचा माणूस निश्चिंत होतो. बरोबरच्या लोकांच्या टॅगांचे नंबरही तपासा, यातली कुणाची बॅग कोणती ते विचारा. ऑफलोडचा, म्हणजे बॅग विमानातून उतरवण्याचा, निरोप देताना 'काळी बॅग' असं न म्हणता टॅगचा पूर्ण नंबर सांगा.

धमकीचा फोन आला तर ठेवू नका. शेजाऱ्याला खूण करा, बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, वेळ, आवाज, मागचे आवाज टिपा. बॉम्ब कुठे आहे, कधी फुटणार, कसा दिसतो, हे सरळ विचारा. लोक कधीकधी सांगून टाकतात. फ्लाइट नंबर आणि वेळ सांगितली होती का, यावर धमकी किती गंभीर धरायची ते बरंचसं ठरतं. ते ठरवणं तुमचं काम नाही. 'कुणीतरी मस्करी करत होतं' असं मनाशी म्हणून तासाभराने कळवणं हीच सर्वांत महागात पडणारी चूक.

बेवारस वस्तूला हात लावायचा नाही, हलवायची नाही, जवळ उभं राहून वॉकीटॉकी वापरायचा नाही. आधी लांब व्हा, मग कळवा.

आता दार बंद झाल्यावर. गोंधळी प्रवाशाच्या वागण्याच्या चार पातळ्या मानतात: तोंडी, शारीरिक, जिवावर बेतणारी आणि कॉकपिटमध्ये घुसण्याचा प्रयत्न. माणसाला बांधायचं तर सर्वसाधारणपणे कॅप्टनचा हुकूम लागतो. कॅप्टन क्रूला मदतीचा आदेश देऊ शकतो. प्रवाशांना विनंती करू शकतो किंवा परवानगी देऊ शकतो, सक्ती नाही. सुरक्षेला तत्काळ धोका असेल, तर क्रू किंवा प्रवासी परवानगीशिवायही वाजवी कृती करू शकतात. सगळी मेख 'वाजवी' या शब्दात आहे. टोकियो कराराचं दहावं कलम क्रूला खटल्यापासून वाचवतं, पण २०१० मध्ये अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांच्या) अपील न्यायालयाने एका विमानातून उतरवलेल्या प्रवाशांचा दावा ज्यूरीपुढे जाऊ दिला. कॅप्टनने केबिनमध्ये नेमकं काय घडतंय याची चौकशीच न करता विमान वळवलं, असा मुद्दा होता. 'मागे फार गडबड चाललीये' एवढंच इंटरकॉमवर सांगू नका. सीट नंबर, शब्द, कृती, तिथे कोण आहे, हे सांगा.

बांधलेल्या माणसाला पालथं ठेवू नका, छातीवर कुणी बसू नये. श्वास कोंडून माणूस मरतो. एक जण सतत शेजारी ठेवा, हातांचा रंग बघत राहा, बंध कापायचं हत्यार हाताशी असू द्या. विमान उतरल्यावर, कराराने दिलेले मोजके अपवाद सोडले, तर बंधन चालू ठेवता येत नाही, म्हणून शक्यतो उतरण्याआधीच कॅप्टनने स्थानिक यंत्रणेला कळवलेलं असावं लागतं.

अहवाल त्याच दिवशी, प्रत्येकाने स्वतंत्र लिहा. 'प्रवासी दारू पिऊन होता' हे वाक्य उलटतपासणीत टिकत नाही. 'तोंडाला दारूचा वास, २१:४० ला तिसऱ्यांदा बसायला सांगितलं, तेव्हा "बघून घेईन" म्हणाला आणि ट्रॉली ढकलली' हे टिकतं. धर्म, पेहराव, भाषा हे संशयाचं कारण म्हणून लिहिलंत, तर भेदभावाच्या दाव्याचा पुरावा तुम्हीच दिलात. साक्षीदारांचे सीट नंबर घ्या, अहवालाची एक प्रत कंपनीच्या सुरक्षा विभागाकडे जाईल असं बघा. आणि तो व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका, कितीही सरस असला तरी.