नेत्याच्या पोस्टमधला गूढ अर्थ शोधताय? या चुका टाळा

आमच्या लालबागच्या चाळीच्या ग्रुपवर अर्थ लावायला फारसं काही लागत नाही. एखाद्या नेत्याने शेर टाकला, फोटोत एखादी खुर्ची रिकामी दिसली किंवा भाषणात एकच शब्द दोनदा आला, तरी पुरतं. राजकारणात आडून बोललं जातं हे मलाही मान्य आहे. लेकी बोले सुने लागे ही तर महाराष्ट्रातल्या नेत्यांची रोजची भाषा. म्हणून अर्थ लावूच नका असं मी म्हणत नाही. मी 22 वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, अक्षराकडे संशयाने बघणं हाच माझा धंदा होता. पण त्याच त्याच चुका किती वेळा बघायच्या? त्यातल्या एका चुकीपायी माझ्या डोळ्यांदेखत एका बाईवर प्रसंग ओढवला, म्हणून हे लिहितोय.

घटना घडून गेल्यावर अर्थ लावणे

नोव्हेंबर 2019 आठवा. विधानसभेचा निकाल 24 ऑक्टोबरला लागला होता आणि महिना होत आला तरी सरकार नव्हतं. संजय राऊत रोज शेर आणि कवितेच्या ओळी ट्वीट करत होते, आणि आमचा ग्रुप रोज त्यांचा कीस पाडत होता. 22 तारखेला रात्री वरळीच्या नेहरू सेंटरमधल्या बैठकीनंतर शरद पवारांनी सांगितलं, उद्धव ठाकरेंच्या नावावर एकमत झालंय. ग्रुपवर लाडू वाटायचे बाकी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला.

साडेनऊच्या सुमारास पहिला मेसेज आला, "मी म्हणालोच होतो." मग दुसरा, तिसरा. कुणाला आठवड्यापूर्वीच्या शेरात 'पहाट' सापडली, कुणाला एका फोटोतल्या घड्याळात. मी ग्रुप मागे सरकवत गेलो आणि 22 तारखेचे सगळे मेसेज एकेक करून वाचले. हा शपथविधी होईल असं एकानेही लिहिलं नव्हतं. ते सरकार साधारण 80 तास टिकलं, 26 तारखेला राजीनामा आला, 28 ला शिवाजी पार्कवर ठाकरेंची शपथ झाली. आणि तेव्हाही तेच लोक म्हणाले, "मी म्हणालोच होतो."

अमेरिकेत याच चुकीवर 'क्यूअॅनॉन' नावाचा अख्खा पंथ उभा राहिला. 28 ऑक्टोबर 2017 ला फोरचॅन नावाच्या साइटवर एका निनावी माणसाने लिहिलं की सोमवारी, 30 तारखेला सकाळी पावणेआठ ते साडेआठच्या दरम्यान हिलरी क्लिंटन यांना अटक होणार. तीच व्यक्ती पुढे 'क्यू' म्हणून ओळखली गेली. अटक झाली नाही. खरं तर तिथेच पुस्तक मिटायला हवं होतं. पण नंतरच्या पोस्ट तुटक, प्रश्नार्थक आणि कशालाही लागू पडतील अशा येत गेल्या, आणि जे काही घडेल ते त्यांत बसवलं जाऊ लागलं. 2 नोव्हेंबर 2021 ला तर शेकडो लोक डॅलसमध्ये जमले, 1999 च्या विमान अपघातात गेलेले जॉन केनेडी ज्युनियर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष केनेडींचे चिरंजीव, प्रकट होणार म्हणून. माणसं खुळी नव्हती. चुकलेले अर्थ लिहून ठेवायची सवय त्यांना कुणी लावली नव्हती, एवढंच.

माझी सवय साधी आहे. शंभर पानी वही आणि त्यात चार रकाने: मूळ मजकूर जसाच्या तसा, मला लागलेला अर्थ, मुदत, आणि काय झालं तर मी चुकलो म्हणायचं. चौथा रकाना भरता आला नाही तर तो अर्थ ग्रुपवर टाकायचा नाही. मोबाइलवर लिहू नका. मोबाइलवरचं नंतर बदलता येतं, आणि आपण बदलतोच. चाळीतल्या तीन मुलांना मी अशा वह्या आणून दिल्या होत्या. दोघांनी आठवड्यात सोडल्या, कारण वहीत लिहून लाइक मिळत नाही. तिसरा अजून लिहितो, आणि ग्रुपवर सगळ्यांत कमी बोलतो.

स्क्रीनशॉटवरून सुरुवात करणे

करू नका. मूळ पोस्ट त्या माणसाच्या खात्यावर दिसत नसेल, तर अर्थ लावण्याजोगं तुमच्या हातात काहीच नाही.

घड्याळ न बघता तारखा जुळवणे

वॉशिंग्टन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. तिथली रात्री 9 ची पोस्ट मुंबईत दुसऱ्या दिवशीची सकाळ असते. स्क्रीनशॉटवरची तारीख कुठल्या देशातल्या फोनवरची आहे हे न बघता बेरजा मांडणाऱ्याला मी उत्तरच देत नाही.

छापील चुकीला संकेत समजणे

31 मे 2017 ला मध्यरात्री डोनाल्ड ट्रम्प यांनी 'कोव्हफेफे' असा शब्द ट्वीट केला आणि वाक्य तिथेच अर्धवट राहिलं. त्यावर केवढे तर्क झाले. आधीचे शब्द होते प्रसारमाध्यमांच्या सततच्या नकारात्मक... पुढे 'कव्हरेज' येणार हे कुठल्याही मुद्रितशोधकाने डोळे मिटून सांगितलं असतं. चूक कशी होते याचे ठराविक मार्ग आहेत: शेजारचं बटण दाबलं जातं, वेलांटी गळते, आधीच्या ओळीतला शब्द पुढच्या ओळीत उतरतो. हे मार्ग आधी तपासा. आणि नेत्याच्या खात्यावरचं ऱ्हस्व-दीर्घ बहुतेक वेळा त्याचं सोशल मीडिया सांभाळणाऱ्या पोराचं असतं.

आकड्यांची ओढाताण

हे गिरणगावाला कुणी शिकवायला नको. मटक्याच्या काळात, आधी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर आणि नंतर मडक्यातल्या चिठ्ठ्यांवर आकडा लागायचा, तेव्हा एखाद्या बाबाने दोनदा खोकलं तरी माणसं ओपनला, म्हणजे पहिल्या आकड्याला, दुरी लावायची. आकडा लागला तर बाबा खरा, नाही लागला तर आपल्याला इशारा कळला नाही. कामगाराचा पगार गेला तरी बाबा कधी खोटा ठरला नाही. 'क्यू' हे इंग्रजीतलं 17 वं अक्षर, म्हणून जिथे 17 दिसेल तिथे खूण, हा तोच प्रकार. 5 एप्रिल 2020 ला रात्री 9 वाजता 9 मिनिटं दिवे लावायचं आवाहन झालं तेव्हा 5 आणि 4 मिळून 9 होतात म्हणून फॉरवर्डचा पूर आला होता.

आपल्याकडे अक्षरातून आकडा काढायची खरी शिस्त होती. कटपयादी पद्धतीत क, ट, प, य म्हणजे 1. कुणीही मोजा, उत्तर तेच येतं, कारण नियम आधी ठरलेला आहे. तुमचं उत्तर आधी ठरलंय आणि नियम मागाहून शोधताय, तर थांबा.

हल्ली नवी घाई आलीय. मजकूर चॅटबॉटला द्यायचा आणि म्हणायचं, "यात लपलेला अर्थ सांग." लपलेलं आहे हे प्रश्नातच ठरवून टाकल्यावर तो काहीतरी काढून देणारच. मला या शॉर्टकटची मनापासून चीड आहे.

खूण करणाऱ्याला न विचारणे

आता तो प्रसंग. जानेवारी 2020. एनआरसी, एनपीआर या नागरिकांच्या नोंदण्यांवरून मुंबईत वातावरण तापलेलं होतं, ऑगस्ट क्रांती मैदानावर डिसेंबरात मोठा मोर्चा होऊन गेला होता. अशात एका सकाळी शेजारच्या चाळीतल्या दारांवर खडूच्या खुणा दिसल्या. इंग्रजी पी, काही दारांवर एक्स, आकडे, तारीख, बाण. दुपारी फोटो फिरले, संध्याकाळी अर्थ तयार होता. एक्स म्हणजे कागदपत्रं नसलेली घरं, बाण म्हणजे पथक कुठून येणार ती दिशा. एक्स चार दारांवर होता. त्यातलं एक दार मुस्लिम कुटुंबाचं आणि एक बंगाली सोनारकाम करणाऱ्याचं निघालं, मग तर कुणाला शंकाच उरली नाही. उरलेली दोन घरं कोकणातली होती. त्यांचा विषय कुणी काढला नाही.

दोन दिवसांनी खांद्याला निळी पेटी लावलेली आरोग्यसेविका जिन्यावर आली. तिच्या हातात खडू होता. सात-आठ पोरांनी तिला घेरलं, एकाने नोंदवही हिसकावली, एक जण व्हिडिओ काढत होता. मी खाली पोचेपर्यंत ती भिंतीला टेकून ओळखपत्र दाखवत रडत होती. "दादा, पोलिओचं आहे हो, पोलिओचं," एवढंच ती म्हणत होती.

19 जानेवारीला पोलिओ रविवार झाला होता. त्यानंतर ही माणसं घरोघर फिरतात. पी म्हणजे घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या बाळांना डोस मिळाला. एक्स म्हणजे कुणीतरी राहिलं, पुन्हा यायचं. बाण म्हणजे पुढचं घर. त्या चारही घरांतली बाळं गावाला किंवा आजोळी गेली होती. तारीख खुणेतच लिहिलेली होती. आणि त्याच गॅलरीत खेळणाऱ्या पोरांच्या डाव्या करंगळ्यांवर शाई होती. तीन दिवस सगळे दारं वाचत होते, करंगळीकडे कुणी बघितलं नाही. मीही नाही. ग्रुपवरचा मेसेज मी वाचला होता आणि वॉर्डाच्या आरोग्य केंद्रात एक फोन करायचा कंटाळा केला होता. तो फोन दोन मिनिटांचा होता.

खरा संकेत आधी ठरवावा लागतो. जून 1944 मध्ये नॉर्मंडीवर फौजा उतरण्याआधी बीबीसीवरून फ्रेंच भूमिगतांसाठी विचित्र वाक्यं वाचली जात. कुठल्या वाक्याचा अर्थ काय हे त्या त्या गटाला आधीच माहीत असे. चावी नसलेल्या माणसाला नुसत्या विचाराने ती वाक्यं उलगडली नसती. मग कुठल्याही नेत्याच्या ट्वीटची चावी तुम्हाला कुणी दिली, हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर नसेल, तर तुम्ही अंदाज करताय, आणि तसं लिहा.

विशेषतः त्या अंदाजाच्या टोकाला एखादं खरं दार किंवा खरा माणूस उभा असेल तेव्हा. 2016 मध्ये विकिलीक्सने काढलेल्या ईमेलमधल्या पिझ्झा, चीज या साध्या शब्दांना लोकांनी मुलांच्या तस्करीचे सांकेतिक शब्द ठरवलं, आणि 4 डिसेंबरला एक माणूस रायफल घेऊन वॉशिंग्टनमधल्या पिझ्झाच्या हॉटेलात शिरला, तळघरात कोंडलेली मुलं सोडवायला. तिथे मुलं नव्हती, तळघरही नव्हतं. त्याने गोळ्या झाडल्या, सुदैवाने कुणाला लागल्या नाहीत. आपल्याकडे 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजाची ती माणसं होती. त्या महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात फॉरवर्ड पाच चॅटपुरतं मर्यादित केलं. पाच चॅटला पाठवायच्या आधी एकदा विचारावं, हे कुठलंही अॅप आपल्यासाठी करणार नाही.

चूक कळल्यावर गुपचूप डिलीट करणे

छापखान्यात चूक छापून गेली की शुद्धिपत्र निघतं, ते कितीही नकोसं वाटलं तरी. ग्रुपवर उलट घडतं. मेसेज गायब होतो, अर्थ मात्र दुसऱ्या दहा ग्रुपांत फिरत राहतो. त्या दिवशी संध्याकाळी मी ज्याने पहिला फोटो टाकला त्या पोराच्या घरी जाऊन बसलो. तो म्हणाला, "काका, डिलीट केलंय ना." मी म्हटलं, तू तो कुठे कुठे पाठवलास ते आठव आणि तिथे तिथे लिही. त्याने माझ्यासमोर सात ग्रुपांत टाईप केलं: "दारावरच्या खुणा पोलिओ डोसच्या आहेत. मी चुकीचं सांगितलं होतं. ताई उद्या परत येणार आहेत, दार उघडा."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तोच पोरगा तिची पेटी घेऊन चार मजले फिरला.