मेकॅनिकला फोन लावायच्या आधी: फॅन, मिक्सर, गिझर घरीच बघायचे असतील तर

घरातली वस्तू बंद पडली की "मोटर जळली" म्हणून आपण मोकळे होतो, पण मोटर जळणं त्यामानाने कमीच होतं. बहुतेक वेळा बाहेरचा एखादा स्वस्तातला पार्ट गेलेला असतो, नाहीतर काहीच गेलेलं नसतं आणि नुसतं सॉकेट ढिलं झालेलं असतं. त्यामुळे आधी तीच वस्तू दुसऱ्या सॉकेटला लावून बघा, आणि त्या संशयित सॉकेटला टेबल लँप वगैरे लावून बघा. प्लगच्या पिना काळ्या पडल्यात का तेही बघा, गिझर आणि इस्त्रीच्या प्लगला हे फार होतं. यात पाच मिनिटं जातात आणि बऱ्याचदा प्रकरण इथेच मिटतं.

आता करंटचं, आणि हे नीट वाचा. मेन स्विच पाडला म्हणजे घर बंद, असं धरून चालू नका. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्यावर त्याला वाटतं लाइट गेली, आणि फॅन-ट्यूबच्या वायरीत करंट चालूच राहतो. म्हणजे तुम्ही निर्धास्त स्टुलावर चढलेले आणि हातात चालू वायर. इन्व्हर्टर वेगळा बंद करायचा. फॅन फिरत नाहीये म्हणजे करंट नाही असंही नाही, तो बिघडलाय म्हणूनच तर आपण वर चढलोय. टेस्टर आधी एखाद्या चालू सॉकेटमध्ये लावून पेटतो ना बघा आणि मग फॅनच्या दोन्ही वायरींना लावा. दोन्ही अशासाठी की जुन्या वाड्यांच्या, सोसायट्यांच्या वायरिंगमध्ये कधीकधी बटण न्यूट्रलवर (करंट परत नेणाऱ्या वायरवर) टाकलेलं सापडतं, बटण बंद असतं आणि फेज (करंट आणणारी वायर) मात्र फॅनपर्यंत आलेली असते.

फॅनपासून सुरू करा, कारण तो सगळ्यात सोपा. फॅन हळू फिरतोय, किंवा नुसता गुणगुणतोय आणि काठीने पातं ढकललं की चालू होतोय, तर कपॅसिटर (मोटरला फिरायला जोर देणारा छोटा पार्ट) गेला म्हणून समजा. साध्या सीलिंग फॅनला बहुतेक वेळा २.५ मायक्रोफॅरडचा असतो, पण अंदाजाने आणू नका, जुन्यावर आकडा छापलेला असतो तोच घ्या, व्होल्टेजही तेवढंच. फॅनच्या वरची वाटी स्क्रू ढिला करून खाली सरकवली की आत तो छोटा डबीसारखा कपॅसिटर दिसतो. काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, हा नियम सगळ्याच वस्तूंना. करंट बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये थोडा चार्ज राहू शकतो, म्हणून इन्सुलेटेड दांड्याच्या स्क्रू ड्रायव्हरने त्याच्या दोन टोकांना एकदा एकत्र टेकवा. नवीन बसवताना कपॅसिटरची कुठली वायर कुठे याची काळजी नको, त्याला उलट-सुलट नसतं, पण जोड मात्र पक्के करा आणि टेप नीट गुंडाळा. आणि काही लोक फॅन जोरात फिरावा म्हणून मुद्दाम मोठ्या नंबरचा कपॅसिटर टाकतात, ते करू नका, वाइंडिंग (मोटरमधली तांब्याच्या तारेची गुंडाळी) तापतं आणि मग खरंच मोटर जळते.

कपॅसिटर बदलूनही तेच? मग हाताने पाती फिरवून बघा. जड फिरली किंवा खरखर आली तर बेअरिंग, मोकळी फिरतात पण जळका वास येतोय तर वाइंडिंग, ही दोन्ही कामं दुकानात द्यायची. पाचवर फॅन बरोबर चालतो आणि खालच्या नंबरवर गडबड करतो, तर फॅनला हात लावू नका, रेग्युलेटर बदला. रिमोटवाले बीएलडीसी फॅन मात्र वेगळे, त्यात सर्किट असतं, हे वरचं सगळं त्यांना लागू नाही.

मिक्सर. पुरण वाटता वाटता किंवा इडलीचं पीठ करताना अचानक बंद पडला तर घाबरू नका, उलटा करा, खाली छोटं लाल बटण असतं ते ओव्हरलोडचं. प्लग काढा, दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या, बटण दाबा, भांड्यातलं अर्धं बाहेर काढा आणि मग लावा. मोटर फिरतेय पण पातं फिरत नाही, तर कपलर (मोटर आणि भांडं जोडणारी दातेरी चकती) झिजलाय, वरून बघितलं की दातं खाल्लेली दिसतातच. तो काढताना लोक उलट्या बाजूला जोर लावून बसतात. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: मिक्सर चालू असताना ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेला कपलर फिरवला की सुटतो. खालून मोटरचा शाफ्ट धरून ठेवायला लागतो, नाहीतर सगळंच गोल फिरत बसतं. भांड्याखालून पाणी गळत असेल तर मिक्सरचा दोष नाही, भांड्याचा बुश (पात्याच्या दांड्याभोवतीची कडी) किंवा सील गेलंय, आणि ते लवकर बदला कारण तेच पाणी खाली मोटरमध्ये जातं.

पार्टसाठी पुण्यातली तपकीर गल्ली, बुधवार पेठेतलं इलेक्ट्रिकच्या सामानाचं मार्केट. जुना पार्ट बरोबर घेऊन जा, "तो गोल असतो ना तसला" असं सांगून बुधवार पेठेत कोणी ऐकून घेणार नाही. गाडी नेऊ नका, पार्किंग शोधण्यात दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ जातो, मेट्रोने मंडईला उतरा आणि चालत जा. तिथूनच एक साधा मल्टिमीटरही (व्होल्टेज, ओहम मोजायचं छोटं यंत्र) घ्या, पुढे लागणारे.

गिझर. इथे पुण्याचं पाणी मधे येतं. पेठांमध्ये खडकवासल्याचं पाणी येतं, ते त्यामानाने सौम्य, गिझर वर्षानुवर्षं चालतो. उंड्री, वाघोलीकडे जिथे बोअर आणि टँकर, तिथे क्षार जास्त, एलिमेंटवर (पाणी तापवणाऱ्या कॉइलवर) पांढरा थर चढतो, पाणी तापायला वेळ लागतो आणि आतून तडतड आवाज येतो. गिझर अजिबात तापत नसेल तर करंट पूर्ण बंद करून कव्हर उघडा, थर्मोस्टॅटजवळ (तापमान सांभाळणाऱ्या पार्टजवळ) कटआउटचं, म्हणजे जास्त तापल्यावर करंट तोडणाऱ्या स्विचचं, बटण बाहेर आलं असेल तर दाबा. परत परत बाहेर येत असेल तर थर्मोस्टॅट गेलाय. कटआउटला वायर जोडून बायपास करणारे महाभाग असतात, तसलं काही करू नका, टाकीत वाफ धरली तर काय होईल सांगता येत नाही.

एलिमेंट तपासायचं तर त्याच्या वायरी सोडवून मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन टोकांना लावा. २००० वॉटच्या एलिमेंटला साधारण २६ ओहम यायला हवेत, ३००० वॉटला १७-१८. काहीच नाही आलं तर एलिमेंट तुटलंय. मग एक टोक एलिमेंटला आणि दुसरं गिझरच्या बॉडीला, इथे काहीच यायला नको, आलं तर एलिमेंट फुटलंय. गिझर लावला की घराचा ईएलसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) पडतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच. "सारखा पडतो" म्हणून ईएलसीबी काढून टाकायचा नसतो, बाथरूममध्ये ओल्या अंगाने उभं असताना तेवढाच एक आधार असतो. ही तपासणी दिवाळीच्या आठवडाभर आधी करून ठेवा, नाहीतर नरक चतुर्दशीला पहाटे उटणं लावून सगळे रांगेत आणि पाणी गार.

वॉशिंग मशीन पाणी घेत नसेल तर मागचा पाइप काढून जाळी धुवा, पावसाळ्यात गाळाने हमखास भरते. फ्रंट लोडमधून पाणी जात नसेल तर खालच्या झाकणामागचा फिल्टर, आधी ताट आणि फडकं ठेवून उघडा, आत नाणी, हेअरपिन, कधी एखादा मोजा. फ्रिज गार करत नसेल तर दारात कागद पकडून ओढा, सहज निघाला तर रबर सैल. मागची जाळी बाहेर असेल तर तिच्यावरची धूळ झटका, प्लग काढूनच.

फ्रिजच्या गॅसच्या पाइपला मात्र हात नको, बऱ्याच नवीन फ्रिजमध्ये आर-६००ए नावाचा गॅस असतो, तो पेट घेतो. मायक्रोवेव्हही उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही हजारो व्होल्टचा चार्ज राहू शकतो, फॅनवाली स्क्रू ड्रायव्हरची युक्ती तिथे जीवावर बेतेल. वॉरंटी चालू असेल तर कुठल्याच वस्तूचं सील तोडू नका. या कामांना माणूसच बोलवा, काय काय तपासलं ते त्याला फोनवरच सांगा आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या.