गेममध्येच बंद पडणारा पीसी: हार्डवेअरच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

"एरवी मस्त चालतो, गेम लावला की दहा मिनिटांत बसतो." मुंबईत घरोघरी जाऊन पीसी दुरुस्त करायला लागलात की ही तक्रार पहिल्या काही आठवड्यांतच कानावर येते. नवख्या माणसाकडे तिच्यावर दोनच उत्तरे तयार असतात. एक, फॉरमॅट मारू. दोन, ग्राफिक कार्ड गेलं. पहिल्याने गिऱ्हाइकाचा डेटा जातो, दुसऱ्याने वीस-तीस हजार रुपये, आणि बरेचदा पीसी तरीही बसतोच.

ब्राउझर, टॅली, ऑनलाइन क्लास यांत पीसीच्या भागांवर थोडाच ताण येतो. गेममध्ये प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, रॅम आणि एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) एकदम राबतात, त्यामुळे त्यातला कच्चा गडी तिथेच मान टाकतो. पडद्यावर येणारा मेसेज मात्र पडलेल्याचे नाव सांगतो, पाडणाऱ्याचे नाही. रॅम चुकीचा आकडा देते आणि नाव ड्रायव्हरचे येते. एसएमपीएस दम सोडतो आणि नाव विंडोजचे येते. म्हणून मेसेज वाचायचा, पण त्यावर लगेच पार्ट मागवायचा नाही.

कॅबिनेट उघडण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा, बंद पडतो म्हणजे नेमके काय होते? लोक सगळ्याला 'हँग' म्हणतात. प्लग ओढल्यासारखा झटकन बंद होत असेल किंवा तसाच रीस्टार्ट मारत असेल, तर वीज, एसएमपीएस किंवा प्रोसेसरची जबरदस्त गरमी. पडदा काळा, आवाज चालू आणि ग्राफिक कार्डाचे पंखे एकदम सुसाट, तर कार्ड किंवा त्याला मिळणारी वीज. चित्र गोठले आणि आवाज 'टर्रर्र' करत अडकला, तर आधी रॅम, मग प्रोसेसर. नुसता गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसत असेल आणि तेही एकाच गेममध्ये, तर पेचकस पिशवीतच राहू द्या. गेमच्या फाइल्स व्हेरिफाय करा, ओव्हरले (गेमच्या वर तरंगणारे चॅट, रेकॉर्डिंगचे पडदे) बंद करा, व्हर्च्युअल मेमरी (रॅम कमी पडली की डिस्कवरची वापरायची जागा) कोणी 'स्पीड वाढतो' म्हणून बंद केली आहे का ते बघा. सोळा जीबी रॅमवर ती बंद असली की मोठे गेम काही न सांगता बंद होतात.

आणखी दोन प्रश्न विचारा. हे कधीपासून होते, आणि त्याच्या आधी काय बदलले? नवी रॅम, नवा यूपीएस, सोसायटीत वायरिंगचे काम, टेबलाची जागा, काहीही. निम्मा शोध इथेच लागतो.

मग नोंदी बघायच्या. स्टार्ट मेनूत 'रिलायबिलिटी' लिहिले की दिवसवार तक्ता उघडतो आणि कुठल्या तारखेपासून लाल फुल्या सुरू झाल्या ते दिसते. नंतर इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतला सिस्टम लॉग. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' हमखास सापडेल. त्यातला 'पॉवर' शब्द वाचून नवखा माणूस एसएमपीएस बदलतो. प्रत्यक्षात ४१ चा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झाले नव्हते. कामाची गोष्ट त्याच्या डिटेल्समध्ये असते, बगचेक कोड, म्हणजे विंडोज कशामुळे कोसळले त्याचा आकडा. तिथे शून्य असेल तर विंडोजला बहुधा एरर लिहायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज तुटली किंवा पीसी पुरता गोठला. आकडा असेल तर तो दशमान पद्धतीत असतो. २७८ म्हणजे ग्राफिक ड्रायव्हर ठरलेल्या वेळेत जागा झाला नाही. २९२ म्हणजे हार्डवेअरनेच गंभीर चूक कळवली. २६ म्हणजे मेमरीचा घोळ. जवळपास 'डब्ल्यूएचईए-लॉगर' च्या (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) ओळी दिसल्या तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका, रोख हार्डवेअरकडे आहे. 'डिस्प्ले ४१०१' म्हणजे कार्ड दोन सेकंद उत्तर देईना, म्हणून विंडोजने ड्रायव्हर पुन्हा उभा केला.

ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्जमधले 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' बंद करून ठेवा, म्हणजे कोड वाचायला मिळेल. विंडोज ११ मध्ये २०२५ च्या अपडेटनंतर हा पडदा निळा नाही, काळा येतो. 'नुसतं काळं होतं' असे गिऱ्हाईक म्हणाले, तर त्यावर काही लिहिलेले असते का ते आवर्जून विचारा.

आता फुकटातली पहिली चाचणी. बायॉसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणारी मदरबोर्डाची सेटिंग) जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला जादा वेगाने पळवणारी सेटिंग, बंद करा; ओव्हरक्लॉक (प्रोसेसर किंवा कार्ड ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) असेल तर तोही. डीडीआर-४ च्या डब्यावर ३२०० लिहिलेले असले, तरी बऱ्याच किटमध्ये तो वेग १.३५ व्होल्ट देऊन काढलेला असतो. एक्सएमपी बंद केले की तीच रॅम बहुतेक वेळा २१३३ ते २६६६ वर, १.२ व्होल्टवर चालते. त्यावर गेम दोन तास टिकला तर ग्राफिक कार्ड निर्दोष सुटले. मुंबईत रॅमचा घोळ फार, कारण आठ जीबीची एक पट्टी आधीची आणि दुसरी नंतर स्वस्तात मिळालेली, वेगळ्या कंपनीची. दोन्ही पट्ट्या एकेकट्या ठीक चालतात, एकत्र भांडतात. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. मग पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम), पूर्ण चार फेऱ्या. सोळा जीबीला काही तास जातात, त्यामुळे रात्री लावून ठेवायला सांगा. एक जरी एरर आली तरी नापास. 'फक्त एकच आहे' असली सवलत इथे नसते.

रॅमचे सोनेरी टोक खोडरबरने घासणे ही आपल्याकडची जुनी रीत. पावसाळ्यात दमटपणाने आणि समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेने संपर्क खराब होतात, म्हणून ती लागूही पडते. पण सोन्याचा तो थर फार पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सुटणारे कापड बरे. दर दोन महिन्यांनी घासावे लागत असेल तर दुखणे स्लॉटमध्ये आहे.

गरमीबद्दल गैरसमज खूप आहेत. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे आधी गेम अडखळतो, फ्रेम पडतात, आणि अगदीच हाताबाहेर गेले तर बंद. गेम शेवटपर्यंत गुळगुळीत चालून अचानक पीसी मेला, तर प्रोसेसरच्या गरमीपेक्षा विजेचा संशय घ्या. आकडे एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रामने बघायचे आणि लॉग फाइल चालू ठेवायची, कारण मरण्याआधीची शेवटची ओळच हवी असते. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची हद्द १०० अंश. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत मुद्दाम जातात, ते पाहून घाबरायचे नाही. ग्राफिक कार्डाचा मुख्य आकडा ७५ आणि हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) १०५, एवढी तफावत दिसली तर आतली पेस्ट वाळली आहे. दहा-वीस अंशांचा फरक चालतो.

मे महिन्यात खोलीच ३३ अंशांवर असते आणि कूलर खोलीच्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. त्यात वन-रूम-किचनमध्ये कॅबिनेट सुताराने बनवलेल्या खणात, मागे दोन बोटे जागा. चाचणी सोपी आहे. बाजूची पाटी काढा, टेबल फॅनचा झोत आत सोडा, तोच गेम त्याच जागी चालवा. दहा मिनिटांत बसणारा पीसी चाळीस मिनिटे टिकला तर उत्तर मिळाले. धूळ ब्लोअरने काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, आणि ती गॅलरीत काढा, नाहीतर घरातली माणसे पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतील. इंटेलच्या डब्यातल्या कूलरची एखादी पिन अर्धवट बसली असेल तर प्रोसेसर मिनिटभरात शंभरी गाठतो, म्हणून चारही हलवून बघा. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी पुरे. एएमडीच्या एएम-४ सॉकेटच्या बोर्डावर कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. आधी पीसी पाच मिनिटे चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर हळूच पिळत सोडवा.

सर्वांत जास्त चुका विजेत होतात.

आपल्याकडे घरगुती यूपीएस बहुधा ६०० व्हीए चा. त्यातून वॅट निघतात साधारण ३६०. गेममध्ये पीसी आणि मॉनिटर मिळून ४०० च्या वर गेले की यूपीएस ओरडतो किंवा सरळ तोडतो, आणि दोष एसएमपीएसला लागतो. त्यात स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर शुद्ध साइन वेव्ह देत नाही, आणि ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढण्यासाठीचे सर्किट) असलेले काही चांगले एसएमपीएस तेवढ्यावरच बंद पडतात. म्हणून एक फेरी यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड दोन्ही बाजूला ठेवून थेट भिंतीच्या सॉकेटवर करा. एक्स्टेंशनचा प्लग हाताला गरम लागत असेल तर तो सैल आहे. ४५० वॅट म्हणजे जेमतेम दोन अँपिअर, एवढ्याने चांगला प्लग तापत नाही.

जुन्या चाळींत आणि बऱ्याच जुन्या इमारतींत अर्थिंग नावापुरते असते, किंवा थ्री-पिनला टू-पिन लावून कामे चाललेली असतात. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का, हे विचारा. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा प्रवाह पत्र्यावर येतोच, अर्थिंग असेल तर तो निघून जातो, नसेल तर तुमच्या बोटातून जातो. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल २०७ ते २५३ व्होल्टच्या आत हवे, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. सॉकेटमध्ये मीटर घालायची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियन सोबत घ्या. यात मर्दुमकी नको.

आता खुद्द एसएमपीएस. स्टिकरवरचा मोठा आकडा वाचू नका, त्याखालच्या तक्त्यातली १२ व्होल्टची ओळ वाचा. '४५० वॅट' लिहिलेल्या लोकल डब्यात त्या ओळीवर कित्येकदा त्याच्या निम्मेही निघत नाहीत. आरटीएक्स ३०६० चा रेटेड खप १७० वॅट, ३०७० चा २२०, ३०८० चा ३२०. पण ही सरासरी झाली. काही मिलिसेकंद हे कार्ड त्याच्या दीडपट-दुपटीच्या आसपास ओढते, आणि तेवढ्यात एसएमपीएसचे संरक्षण ट्रिप होते. मल्टिमीटरला हा झटका दिसत नाही. लोडवर १२ व्होल्टची वायर ११.४ ते १२.६ च्या आत दाखवली म्हणून एसएमपीएस पास, असे समजू नका. ११.४ च्या खाली गेला तर मात्र नापास नक्की. सॉफ्टवेअरमधला १२ व्होल्टचा आकडा तर सोडूनच द्या.

केबलही बघा. ८-पिनचा एक कनेक्टर १५० वॅटसाठी, स्लॉटमधून येतात ७५. दोन ८-पिन मागणाऱ्या कार्डाला एकाच केबलची दोन तोंडे लावलेली असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल ओढा. एवढ्यावर मिटलेल्या केसेस पुष्कळ.

नवा एसएमपीएस हाताशी नसेल तर आफ्टरबर्नर या ग्राफिक कार्डाच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, फ्रेम ६० वर बांधा. क्रॅश थांबले तर दोष बहुधा वीज किंवा कार्डाची गरमी, या दोहोंपैकी एकात. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर साठून राहू शकतात.

एक खास सापळा इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचा. त्यांतले बरेच डेस्कटॉप प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे हळूहळू खराब होत होते. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावर मायक्रोकोड (बायॉस अपडेटमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) आले आणि इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. याची एक खूण म्हणजे अनरियल इंजिनवर बनवलेले गेम सुरुवातीला शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार करताना 'व्हिडिओ मेमरी संपली' म्हणत बंद पडायचे, आणि माणसे बारा जीबीचे कार्ड बदलून बसायची. दोषी होता प्रोसेसर. अशी मशीन आली तर आधी बायॉस अपडेट. अपडेटने पुढचे नुकसान थांबते, झालेले भरून येत नाही. क्रॅश चालूच राहिले तर प्रोसेसर वॉरंटीत द्यायचा.

ड्रायव्हरचे काम अर्ध्या तासाचे. सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रामने जुना पुसा, नवा टाका, तरी होत असेल तर तीन-चार महिन्यांपूर्वीचा टाकून बघा. एसएसडीची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये बघून घ्या.

ग्राफिक कार्ड गेले, हे वाक्य सगळ्यात शेवटी. तेच कार्ड दुसऱ्या पीसीत, दुसऱ्या एसएमपीएसवर, त्याच गेममध्ये पडले तरच. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंड हँड कार्ड घेतलेले असेल तर ते क्रिप्टो मायनिंगवर दिवसरात्र राबलेले असू शकते. अशा कार्डात मेमरीची उष्णता कूलरला देणारे पॅड वाळलेले असतात आणि मेमरी तापते. नवीन असेल तर बिल काढायला सांगा आणि त्यावरचा सीरियल नंबर कार्डावरच्या स्टिकरशी जुळवा. न जुळणारे बिल घेऊन ग्रँट रोडपर्यंतची फेरी फुकट जाते.

या सगळ्यात एका वेळी एकच बदल करायचा आणि वहीत तो बदल, वेळ आणि क्रॅश व्हायला लागलेली मिनिटे लिहायची. दहा मिनिटांत पडणारा पीसी तासभर टिकला तर त्याला अर्थ आहे. दोन दिवसांतून एकदा पडणारा तासभर टिकला, तर काहीच कळले नाही. त्याला आठवडा द्यावा लागतो, आणि हे गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

काम झाल्यावर चाचणीसाठी बदललेले सगळे जागेवर आणा. पॉवर लिमिट शंभरवर, आणि दोष रॅमचा नसेल तर एक्सएमपी चालू. मग पाटी लावा, कॅबिनेट त्याच्या खणात ढकला, यूपीएस ठेवायचा असेल तर जोडा, चाचणीसाठी लावलेला टेबल फॅन हटवा आणि त्या अवस्थेत तासभर गेम चालवा. टेबलावर उघडा ठेवून पास केलेला पीसी खणात जाऊन पुन्हा बसतो, आणि मग ती फेरी तुमच्या खिशातून जाते.