हाय व्होल्टेज पल्सचा सॉलिड स्टेट स्विच सतत उडतोय? या चुका टाळा

थायरेट्रॉन किंवा स्पार्क गॅपसारखा जुना स्विच काढून आयजीबीटीचा (सिरीजमध्ये जोडलेल्या पॉवर ट्रान्झिस्टरचा) स्टॅक बसवला की वाटतं आता कटकट मिटली, आणि मग पहिल्याच फुल व्होल्टेज पल्सला अख्खी रांग शॉर्ट. बहुतेक वेळा पीस खराब नसतात, आजूबाजूचं सर्किट त्यांना मारतं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे सरळ भागाकार. १२०० व्होल्टचे १० पीस सिरीजमध्ये, म्हणजे १२ केव्ही चालेल? नाही चालत. ८ केव्हीपर्यंतच थांबा, कारण व्होल्टेज कधीच सारखं वाटलं जात नाही. स्विच बंद असताना ज्याचं लीकेज (बंद असतानाही झिरपणारा करंट) कमी त्याच्यावर जास्त व्होल्टेज बसतं, म्हणून प्रत्येकाला पॅरलल रेझिस्टर लावतात, पण लावताना फक्त वॉट बघतात! रेझिस्टरला स्वतःचं व्होल्टेज रेटिंगपण असतं, साधा पाव वॉटवाला साधारण २५० व्होल्टचा, त्याच्यावर ८०० व्होल्ट टाकले तर तो कधीतरी दगा देणारच, तिथे चार-पाच सिरीजमध्ये पाहिजेत.

पण रेझिस्टर स्विचिंगच्या वेळी कामाचा नाही. एक पीस ५० नॅनोसेकंद उशिरा ऑन झाला तर बाकी नऊ जणांनी सोडलेलं व्होल्टेज त्या एकट्यावर येतं. ऑफ होताना उलटं, जो आधी बंद होतो तो मरतो. त्यामुळे प्रत्येक पीसला स्नबर (व्होल्टेजची उडी दाबणारं छोटं सर्किट) हवाच, आणि गेट ड्रायव्हरचा (पीसला ऑन-ऑफ करणाऱ्या सर्किटचा) डिलेपण मॅच करून घ्या.

वायरिंग लांबलचक ठेवू नका. १० सेंटीमीटर वायर म्हणजे ढोबळमानाने १०० नॅनोहेन्री, त्यातला १००० अँपिअर करंट १०० नॅनोसेकंदात बंद केला की १००० व्होल्टचा स्पाइक तयार, वरून फुकटचा.

पीस विनाकारण ऑन होत असेल तर गेटच्या आयसोलेटेड सप्लायकडे बघा. ५० केव्ही पर मायक्रोसेकंद एवढ्या वेगाने व्होल्टेज उडी मारतं तेव्हा फक्त १० पिकोफॅरडमधून अर्धा अँपिअर घुसतो, ट्रान्सफॉर्मरच्या दोन वाइंडिंगमध्ये तेवढी कपॅसिटन्स सहज असते.

आता उडालाच तर कुठला उडाला ते लिहून ठेवा. दरवेळी त्याच जागेवरचा जात असेल तर पीस बदलत बसू नका, दोन ड्रायव्हर बोर्डांची अदलाबदल करा आणि १० टक्के व्होल्टेजवर प्रत्येक पीसवरचं व्होल्टेज मोजा. गडबड बोर्डाबरोबर सरकली तर बोर्ड, तिथेच राहिली तर ती जागा, म्हणजे स्नबर, रेझिस्टर नाहीतर लेआउट. मोजताना स्कोपचं अर्थिंग काढून त्याला फ्लोटिंग करायचा आगाऊपणा करू नका प्लीज, त्या व्होल्टेजला पुरेल असा डिफरेन्शियल प्रोब घ्या.

लोड मॅग्नेट्रॉन (मायक्रोवेव्ह तयार करणारी ट्यूब) असेल तर कधीतरी आर्क होऊन तो क्षणभर शॉर्ट होणारच हे धरूनच चाला. शॉर्ट सर्किट रेटिंग असलेला आयजीबीटी साधारण १० मायक्रोसेकंद तग धरतो, सिलिकॉन कार्बाइड मॉसफेट त्याहून बराच कमी, त्यामुळे प्रोटेक्शन त्या हिशोबाने फास्ट ठेवा.

आणि हात घालायच्या आधी कपॅसिटर बँक डिस्चार्ज करून शॉर्टिंगची वायर तशीच लावून ठेवा, काढली तर बँकेवर थोडा चार्ज परत येतो आणि एवढ्या मोठ्या बँकेत तो थोडापण जीव घ्यायला पुरतो.