बालगृहातली बाल समिती कागदावर न ठेवता खरी कशी चालवायची

बालगृहात काळजीवाहक किंवा समुपदेशक म्हणून नवीन लागलात की कधीतरी एक रजिस्टर हातात येतं, वर "बाल समिती", म्हणजे मुलांची स्वतःची समिती, असं लिहिलेलं. मी लागले तेव्हा उघडून बघितलं तर दर महिन्याला तेच वाक्य, मुलांची काही तक्रार नाही, खाली सह्या, आणि सही असलेल्या एका मुलाला विचारलं तर मीटिंग झाली हेच त्याला माहीत नव्हतं. खूप वाईट वाटलं.

आधी नियम काय ते सांगते, कारण स्टाफमध्ये कोणीतरी म्हणणारच की हे लाड कशाला. मुलांशी संबंधित प्रत्येक निर्णयात त्यांचं ऐकून घ्यायचं हे बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ३ मध्येच आहे. त्याच कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांत ३ समित्या सांगितल्यात, ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८ वयाच्या, त्यात फक्त मुलंच असतात, मीटिंग दर महिन्याला, आणि ते रजिस्टर व्यवस्थापन समितीपुढे, म्हणजे संस्थेच्या कामावर देखरेख करणाऱ्या समितीपुढे जातं. दिनक्रम आणि जेवणाचा तक्ता ठरवण्यातही मुलांचा सहभाग हवा असं त्यात स्पष्ट आहे.

प्रतिनिधी आपण निवडायचे नाहीत, नाहीतर सरांच्या लाडक्या मुलांचीच समिती होते. मुलांनीच मत देऊन निवडायचे. मोठ्यांना चिठ्ठीवर नाव लिहून मत देणं चालतं. लहानांसाठी आम्ही पडद्यामागे झाकणाचे डबे ठेवले, प्रत्येकावर निवडणुकीला उभ्या राहिलेल्या मुलाने काढलेलं चित्र, आणि प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका, जा आणि टाकून ये.

पहिल्याच मीटिंगला "काय अडचण आहे सांगा" असं अजिबात विचारू नका, सगळे जमिनीकडे बघत बसतात, कारण आधी कधी बोलल्यावर ओरडाच खाल्लेला असतो. एक छोटी गोष्ट घ्या जी खरंच बदलता येईल. आमच्याकडे उपमा नको म्हणून सुरू झालं. मग स्वयंपाकाच्या मावशींना बोलावलं, त्यांनी सामानाची यादी आणि भाव मुलांसमोर ठेवले, मुलांनी वहीत हिशोब मांडला आणि ठरलं की दोन दिवस पोहे, उपमा एकच दिवस पण शेंगदाणे घालून. पुढच्या सोमवारी पोहे ताटात आले ना, त्यानंतरच्या मीटिंगला मुलं बोलायला लागली, बाथरूमची कडी तुटलीय इथपासून ते कपडे घेताना माप आम्हाला विचारा इथपर्यंत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उत्तर परत घेऊन जायचं. मागणी मान्य नसली तरी चालेल, पण का नाही ते पुढच्या मीटिंगच्या आत समोर बसून सांगा. जेवणाच्या हॉलमध्ये एक फळा लावा, काय मागितलं, कोण बघतंय, काय झालं. मुलं "नाही" पचवतात हो, पण विचारून गप्प बसलात तर पुढच्या वेळी तोंड उघडत नाहीत.

सूचना पेटी ऑफिसच्या दारात असेल तर आजच हलवा, नियमानुसारच ती ऑफिसपासून लांब, मुलांच्या खोल्यांजवळ हवी, आणि किल्ली संस्थेकडे नाही तर व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या त्यांच्या प्रतिनिधीकडे. दर आठवड्याला उघडायची, समितीतल्या मुलांसमोर. पण मारहाण किंवा अंगाला हात लावल्याची गोष्ट कळली तर ती मीटिंगमध्ये चर्चेला घेऊ नका, मुलाशी एकटं बोला आणि लगेच बालकल्याण समितीला (जिल्ह्यात अशा मुलांच्या काळजी आणि संरक्षणाचे निर्णय घेणारी समिती) कळवा. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय असला तरी पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहा.

आणि समिती चालली म्हणून मुलाच्या वैयक्तिक काळजी योजनेचा फॉर्म परस्पर भरू नका, शाळा, कोर्स, कोणत्या नातेवाईकाला भेटायचं, १८ नंतर कुठे जायचं हे सगळं त्यात ठरतं. भरलेला फॉर्म मुलाला वाचून दाखवा आणि पेन त्याच्या हातात द्या. आमच्या १७ वर्षांच्या एका मुलाच्या फॉर्मवर इलेक्ट्रिशियन लिहिलेलं होतं, त्याने शांतपणे त्यावर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, बेकरी.