होडीत गोणी चढण्याआधी: शेजारच्या संस्थांनी मिळून बेटं कशी सांभाळावीत

निवतीच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की हवा स्वच्छ असेल त्या दिवशी वेंगुर्ला रॉक्सवरचं दीपगृह दिसतं. त्या खडकांच्या गुहांमध्ये पाकोळ्या, म्हणजे स्विफ्टलेट हे छोटे पक्षी, घरटी करतात. लाळेने भिंतीला चिकटवलेली वाटी, तिच्यात दोन अंडी, आणि सभोवती मिट्ट काळोख. पाकोळी टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधते. ही घरटी परदेशी बाजारात खाण्यासाठी विकली जातात. इथली चोरी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने उघडकीला आणली, तेव्हा आमच्यापैकी अनेकांना ही गुहा आपल्या डोळ्यांसमोर असल्याचं पहिल्यांदा कळलं.

मी गेली काही वर्षं वेंगुर्ल्यातल्या एका लहान गटात काम करते. मालवण, गोवा आणि कारवारकडच्या गटांशी आमचं जमायला बराच वेळ लागला. त्यातून जे हाताला लागलं ते इथे लिहिते आहे. बेटांवर काम करणारे दोन गट एकमेकांशी बोलायला लागले असतील, तर त्यांना उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, बैठकीने सुरुवात करू नका. आम्ही केली होती. सभागृह, बॅनर, चहा, ठराव, सगळं झालं, आणि पुढच्या मार्चमध्ये एकाच पंधरवड्यात तीन वेगवेगळे गट एकाच गुहेत शिरले. प्रत्येकाने बॅटऱ्या मारल्या, प्रत्येकाने मोजणी केली. अंड्यांवर बसलेल्या पाकोळ्या तीनदा उठल्या. कोणाचाही हेतू वाईट नव्हता, म्हणून तर मला ते जास्त लागलं. एकानेही दुसऱ्याला फोन केला नव्हता.

त्यामुळे पहिल्या दिवशी एकच कागद करा. कोण, कुठल्या बेटावर, कुठल्या महिन्यात, कोणाच्या होडीने जातो, एवढे चार रकाने पुरतात. पाकोळ्यांचा विणीचा काळ साधारण फेब्रुवारी-मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत असतो. त्या काळात एका गुहेत एकच फेरी, आणि तीही सगळ्यांच्या वतीने एकाच गटाची, एवढं ठरलं तरी वर्षभराचं निम्मं काम झालं. वनखात्याची परवानगी त्या फेरीपुरती एकत्र मागा. चार अर्जांपेक्षा चार संस्थांच्या सह्यांचा एक अर्ज लवकर हलतो, हा माझा अनुभव आहे.

आता होडीबद्दल. या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण एकत्र काम करण्याचं खरं कारण मला होडीतच दिसतं.

२०१७ मध्ये मी एक हंगाम मॉरिशसला स्वयंसेवक म्हणून होते, माएबूरसमोरच्या ईल-ओ-झेग्रेत या २६ हेक्टरच्या बेटावर. तिथून एकदा उत्तरेकडच्या राऊंड बेटावर जायला मिळालं. हे बेट २१९ हेक्टरचं आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे शेळ्या आणि ससे सोडले गेले आणि त्यांनी झाडोरा मुळापर्यंत खाल्ला. माती वाहून गेली. मातीत वावरणारा एक अजगरवर्गी साप १९७५ नंतर कोणालाच दिसलेला नाही. शेळ्या १९७९ मध्ये संपवल्या, ससे १९८६ मध्ये, आणि सशांच्या कामाला थेट न्यूझीलंडहून माणसं आली होती. एवढं सोसूनही तिथले दुर्मीळ सरडे आणि दुसरा एक साप टिकून राहिले, कारण अंडी-पिल्लं खाणारा उंदीर तिथे कधीच पोचला नव्हता.

म्हणून तिथे जाण्याआधी सामान एका बंद खोलीत भरतात. माझी पिशवी तपासणाऱ्या बाईंचे पूर्वज रत्नागिरीकडून गेलेले होते. त्यांच्या तोंडी आरतीचं मराठी होतं, बोलणं सगळं क्रिओलमध्ये. त्यांनी माझ्या बुटांच्या पट्ट्यांत अडकलेली कुसळं चिमट्याने एकेक काढली. अर्धा तास लागला. मला संकोच वाटत होता आणि त्यांना अजिबात घाई नव्हती.

आपल्याकडे हे करायला वेगळी खोली बांधावी लागत नाही. आम्ही असं करतो:

• तांदळाची गोणी, पुठ्ठ्याचा खोका, गवताची पेंढी होडीत चढत नाही. सगळं सामान घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बादल्यांत आणि बरण्यांत.
• भरणं दिवसा, दार लावून, आदल्या रात्री नव्हे. रात्रभर उघडं पडलेलं सामान पुन्हा रिकामं करून भरायचं.
• ताडपत्री आणि जाळी पूर्ण उलगडून झटकायची. उंदराचं पिल्लू दोन बोटांएवढं असतं, घडीत सहज मावतं.
• बूट, मोजे, सदऱ्याच्या शिवणी बियांसाठी तपासायच्या. रानमोडी या झपाट्याने पसरणाऱ्या परक्या तणाची एक बीसुद्धा बेटभर माजायला पुरते.
• बेटावर उतरल्यावर पहिली बादली तंबू बंद करून आत उघडायची. काही पळालं तर ते तंबूतच पळेल.
• रात्री होडी खडकाला टेकवून बांधायची नाही, नांगर लांब टाकायचा.

शेवटच्या कलमावर आमच्या तांडेलकाकांशी बराच वाद झाला. ते म्हणाले, "गे बाय, उंदीर काय इचारून होडयेर चडता?" मी म्हटलं, "नाही काका, म्हणूनच आपण आधी बघायचं." त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच होडीच्या नाळेतली जुनी जाळी काढून उन्हात टाकली, आणि तिच्यात खरंच उंदराच्या लेंड्या निघाल्या. त्यानंतर आमच्या होडीचे नियम तेच पाळून घेतात.

आता यात शेजारच्या संस्थांचा काय संबंध? संबंध असा, की होड्या त्याच असतात. आज मालवणच्या गटाला नेणारी होडी उद्या पर्यटकांना नेते, परवा मासळीला जाते. एका गटाने बादल्या वापरल्या आणि दुसऱ्याने गोण्या नेल्या, तर पहिल्याची मेहनत फुकट. सेशेल्समध्ये फ्रेगेट बेटावर १९९५ मध्ये पहिल्यांदा उंदीर दिसले. तिथला दयाळ पक्षी एके काळी जगात फक्त त्याच बेटावर उरला होता. ते उंदीर निपटायला २००० साल उजाडलं. म्हणून नियम सगळ्या गटांचा एकच हवा, आणि होडीवाल्यांना तो एकाच तोंडाने सांगायला हवा.

पाळत ठेवायला मेणाचे तुकडे वापरा. मेणबत्तीच्या मेणात शेंगदाण्याचं तेल कालवून वड्या पाडायच्या आणि उतरण्याच्या जागेजवळ तारेने बांधायच्या. उंदराने कुरतडलं तर दातांच्या दोन समांतर रेघा उमटतात. जो गट जाईल त्याने वडी बघायची, फोटो काढायचा, नवी बांधायची. रेघा दिसल्या तर त्याच दिवशी सगळ्या गटांना आणि वनखात्याला कळवायचं. स्वतः विष टाकायला जाऊ नका, ते काम जाणकारांनी परवानगीने करायचं असतं.

नोंदींबद्दल. आमचा आणि शेजारच्या एका गटाचा एका वर्षीचा आकडा दुपटीने वेगळा आला. दोन रात्री भांडलो आणि मग उमगलं, की त्यांनी भिंतीवरची सगळी घरटी मोजली होती आणि आम्ही फक्त अंडी-पिल्लं असलेली. तेव्हापासून एकच तक्ता आहे: एकूण घरटी, भरलेली घरटी, तुटलेली घरटी, तारीख, वेळ, भरती की ओहोटी, मोजणाऱ्याचं नाव. गुहेची नेमकी जागा या तक्त्यात येत नाही. ती प्रत्येक गटातल्या दोनच माणसांना ठाऊक असते. घरटीचोर तक्ते वाचतात हे गृहीत धरा.

एका नोंदपद्धतीचं मोल काय, हे गुहागरने दाखवलं. ओडिशात गहिरमाथ्याला २०२१ मध्ये बिल्ला लावलेली एक ऑलिव्ह रिडले कासवीण २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आली. बिल्ल्यावरचा आकडा वाचणारं, लिहून ठेवणारं आणि पलीकडच्या किनाऱ्याला विचारणारं कोणी होतं, म्हणून हे कळलं. पूर्व किनाऱ्याची कासवीण पश्चिमेला येते ही गोष्ट त्या एका आकड्यावर उभी आहे.

श्रेयाचा विषय टाळू नका, पहिल्याच महिन्यात बोला. फोटो कोणाच्या नावाने छापायचा, वर्तमानपत्राशी कोण बोलणार, डिझेलचे पैसे कोण देणार. हे कागदावर नसेल तर चांगली माणसं तुटतात, आणि मी तुटताना पाहिली आहेत.

सेशेल्सच्या वटवट्याची हकिगत मी याच संदर्भात सांगते. १९६८ च्या सुमारास हा पक्षी कझिन या २९ हेक्टरच्या बेटावर फक्त पंचवीस-तीस उरला होता. ते बेट पक्षिसंरक्षणासाठी विकत घेतलं गेलं, नारळ हटवून मूळ झाडी येऊ दिली आणि पक्षी वाढले. मग १९८८ मध्ये २९ पक्षी आरीदला नेले, १९९० मध्ये २९ कुझीनला, २००४ मध्ये ५८ डेनिसला, २०११ मध्ये ५९ फ्रेगेटला. यातली काही बेटं संस्थांची, काही खासगी मालकांची. ज्याच्याकडे पक्षी होते त्याने ते दिले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आपल्याकडे पक्षी हलवण्याचा प्रश्न नाही, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय हातही लावायचा नाही. पण "आमची गुहा, आमचे पक्षी" ही भाषा आपल्याकडेही आहे. ती आधी सोडा.

संकटाची यादी आधी करून ठेवा. २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ नावाचं जहाज मॉरिशसच्या प्रवाळावर चढलं आणि ६ ऑगस्टला तेल गळू लागलं, मी जिथे राहिले होते त्या बेटाच्या शेजारी. लोकांनी उसाच्या पाचटाचे लांब लोड शिवून पाण्यात सोडले. दुर्मीळ रोपं आणि पक्षी मुख्य बेटावर हलवले. सरडे विमानाने जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात गेले. पिंजरे कोणाकडे, जागा कोणाकडे, जाणकार माणूस कोण, हे वर्षानुवर्षांच्या ओळखीमुळे माहीत होतं म्हणून ते जमलं. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात डांबरगोळे दरवर्षी येतात. तरी आमची यादी गेल्या वर्षीच पूर्ण झाली: होड्या, हातमोजे, प्राण्यांचे डॉक्टर, रिकाम्या टाक्या, तटरक्षक दलाचा क्रमांक. दर सहा महिन्यांनी एकाने प्रत्येक क्रमांक लावून बघायचा. गेल्या खेपेला तीन क्रमांक बंद निघाले.

भाषेचं एक. कारवारच्या मंडळींशी बोलताना पाकोळी म्हणजे नेमका कुठला पक्षी, यावर आमचा अर्धा दिवस गेला. पक्ष्यांच्या नावांचा मराठी, मालवणी, कोंकणी, कन्नड असा चित्रांसह एक कागद करा आणि तो तांडेलांकडून तपासून घ्या. समुद्री गरुडाला आमच्याकडे काकण म्हणतात, हे होडीवरच्या खलाशाला शिकवावं लागत नाही. मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटावर पाकोळ्याही आहेत आणि काकणही, त्यामुळे हा कागद तिथेही लागतोच.

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र उघडतो. आम्ही त्याआधीच्या आठवड्यात चारही गटांच्या बादल्या एका अंगणात मांडतो आणि झाकणांचे रबर तपासतो. भेगा गेलेले रबर तिथल्या तिथे बदलायचे, मग बादल्यांवर रंगाने बेटाचं नाव घालायचं. एका बेटाची बादली दुसऱ्या बेटावर जात नाही.