स्वस्त घरांच्या स्कीमसाठी रस्ता-पाणी-ड्रेनेजचा पैसा कसा उभा करायचा

प्रधानमंत्री आवास योजनेत प्रोजेक्ट मंजूर झाला की सगळ्यांना वाटतं आता घर मिळालंच. पण केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे जे अडीच लाख मिळतात ते घराच्या बांधकामासाठी असतात. मेन लाइनपासून साइटपर्यंत पाणी कोण आणणार, सांडपाणी कुठे सोडणार, रस्ता कोण करणार, हे कुणी ठरवलेलंच नसतं, आणि मग बिल्डिंगी उभ्या राहतात पण राहायला जाता येत नाही. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार, यंत्रमाग कामगारांसाठी ३० हजार घरांचं रे नगर झालं, २०१९ ला भूमिपूजन झालं तेव्हा त्याचा खर्च १८११ कोटी सांगितला होता, त्यात केंद्र-राज्याचे मिळून ७५० कोटी, म्हणजे घरामागे तेच अडीच लाख. एवढी घरं म्हणजे एक अख्खं शहरच झालं की, त्याला पाणी आणि ड्रेनेज आधी ठरवल्याशिवाय चालतच नाही. तुमची स्कीम ३०० घरांची असली तरी हिशोब तोच.

म्हणून पहिलं काम, जमीन फायनल करायच्या आधी पालिकेच्या पाणीपुरवठा आणि बांधकाम खात्यात जाऊन विचारा की जवळची मेन लाइन किती लांब आहे, टाकीत शिल्लक पाणी आहे का, ड्रेनेज कुठे मिळतं. मग चालू डीएसआरच्या, म्हणजे सरकारी दरपत्रकाच्या, दराने एस्टिमेट करून घ्या. समजा १२ कोटी आले आणि घरं ६००, तर घरामागे २ लाख झाले, म्हणजे जवळजवळ सबसिडीएवढेच! लांबची फुकट जमीन कधीकधी जवळच्या महाग जमिनीपेक्षा महाग पडते ती अशी. हा घरामागचा आकडा काढल्याशिवाय कुठल्याही मीटिंगला जाऊ नका.

आता पैसा कुठून. पाणी आणि सांडपाण्यासाठी केंद्राची अमृत २.० योजना आहे, एक लाखाच्या आतल्या शहराला केंद्र ५० टक्के देतं, एक ते दहा लाखाला एक तृतीयांश, त्याच्या वर २५ टक्के. रस्त्यांसाठी राज्याची नगरोत्थान योजना, त्यात पालिका जितकी लहान तितका स्वहिस्सा कमी. १५व्या वित्त आयोगाने तर लहान शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून ठेवला होता. पण यातला एकही निधी आपोआप तुमच्या साइटकडे येत नाही, पालिका सभेच्या ठरावात आणि डीपीआरमध्ये (प्रकल्पाच्या सविस्तर अहवालात) तुमच्या साइटचं नाव लिहून घ्यावं लागतं, आणि बजेट फेब्रुवारीत येतं म्हणून पाठपुरावा दिवाळीनंतर लगेच सुरू करा.

पालिकेचा स्वतःचा पैसा म्हणजे विकास शुल्क. १९६६ च्या एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याखाली प्रत्येक बांधकाम परवानगीला ते घेतलं जातं. बऱ्याच ठिकाणी ते जनरल खात्यात मिसळून जातं आणि पगार-वीजबिलात संपतं, हे मला अजिबात पटत नाही. तुमच्या भागातून किती शुल्क आलं आणि कशावर खर्च झालं हे माहिती अधिकारात मागा, आणि तुमच्या भागासाठी वेगळं खातं ठेवायचा ठराव नगरसेवकांकडून आणा.

खरी ताकद मात्र टीपी स्कीममध्ये, म्हणजे टाउन प्लॅनिंग (नगररचना) स्कीममध्ये आहे. सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते-बागा काढायच्या, मग प्रत्येकाला थोडा लहान पण रस्त्याला लागलेला प्लॉट परत द्यायचा. गुजरातच्या १९७६ च्या कायद्यात तर १५ टक्क्यांपर्यंत जमीन विकून रस्ते-पाण्याचा खर्च काढता येतो आणि साधारण १० टक्के जमीन दुर्बल घटकांच्या घरांसाठी ठेवता येते, अहमदाबादचा रिंग रोड याच पद्धतीने झाला. आपल्या कायद्यातही टीपी स्कीम आहे, जमिनीची किंमत जेवढी वाढेल त्याच्या निम्म्यापर्यंत रक्कम मालकांकडून घेता येते. माझं स्पष्ट मत आहे की पाइपलाइनचा खर्च स्वस्त घरवाल्यांच्या माथी मारू नये, रस्ता झाल्यावर शेजारच्या ज्या प्लॉटचा भाव वाढतो त्यांनी तो उचलावा. आपल्याकडे टीपी स्कीम रखडतात हे खरं आहे, म्हणून छोट्या भागापासून सुरुवात करा, सात-आठ मालकांशी आधी बोलून घ्या.

तरीही कमी पडलं तर कर्ज. केंद्राच्या २०२३ च्या बजेटमधला यूआयडीएफ म्हणजे शहरी पायाभूत सुविधांचा फंड नॅशनल हाउसिंग बँक चालवते, लहान-मध्यम शहरांसाठी आहे, पण तो राज्य सरकारमार्फत मिळतो आणि घर बांधायला चालत नाही, पाणी-ड्रेनेजला चालतो, म्हणजे आपल्याला हवा तसाच. बाँड म्हणजे कर्जरोखे मोठ्या महापालिकांनाच झेपतात, पुण्याने २०१७ मध्ये पाण्यासाठी ७.५९ टक्क्यांनी २०० कोटी उभे केले होते. कर्ज घेताना हप्ता कुठल्या उत्पन्नातून जाणार ते ठरावातच लिहा, नवीन घरांची घरपट्टी आणि पाणीपट्टी त्यासाठी बांधून ठेवता येते.

पैसे आल्यावर क्रम चुकवू नका. आधी पाणी आणि ड्रेनेज, मग रस्ता, नाहीतर नवा रस्ता खोदावा लागेल. आणि सांडपाणी प्रकल्प असेल तर त्याचं वीजबिल आणि ऑपरेटरचा पगार पहिली पाच वर्षं कोण देणार हे टेंडरमध्येच टाकून घ्या, नवीन सोसायटीत महिना हजार रुपये मेंटेनन्सही लोकांना जड जातो.